फोनचं वय कोण मोजणार?

गेल्या महिन्यात आईच्या फोनचं चार्जिंग बिघडलं. पूर्ण बंद पण नाही, वायर जरा तिरकी धरली की बॅटरीचं चिन्ह यायचं, हात काढला की जायचं, त्यामुळे आई दोन दिवस फोनखाली रुमालाची घडी ठेवून तो कोन जमवत बसली होती. फोन साडेतीन वर्षांचा, घेतला तेव्हा अकरा हजारांचा, आणि स्क्रीनवर एक ओरखडा नाही कारण आई वस्तू जपून वापरते. मी तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. टोकन घेतलं, दीड तास बसलो, मग काउंटरवरच्या मुलाने फोन आत नेऊन आणला आणि सांगितलं की बोर्ड बदलावा लागेल, ८,४०० रुपये होतील, डेटा जाईल, आणि सर त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या, परवडेल.

तिथून निघालो आणि एमजी रोडला गेलो. नाशिकमध्ये मोबाइलचं काहीही काम असलं की पाय आपोआप एमजी रोडकडेच वळतात. तिथे एका जिन्याखाली चार फुटांचं काउंटर घेऊन बसलेला एक दादा आहे. त्याने सिमचा ट्रे काढला, फोनची पाठ हॉट प्लेटवर गरम केली, सक्शन कप लावला आणि कडेकडेने प्लॅस्टिकची पातळ पट्टी फिरवत फिरवत पाठ सोडवली. चार्जिंगची पिन ज्यावर असते तो एक वेगळा छोटा बोर्ड असतो, सगळे त्याला सीसी बोर्ड म्हणतात. त्याने भिंगाखाली धरून मला दाखवलं, पिनच्या आत एक काडी हिरवी पडली होती, ओल लागून. जुना सीसी बोर्ड काढला, नवीन बसवला, कडेने गम लावला, चारही बाजूंनी रबर बँड अडकवून दहा मिनिटं ठेवला, आणि फोन हातात देताना म्हणाला, दादा आईला सांगा, ओल्या हाताने वायर लावू नका. ३५० रुपये.

मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. हा फोन मी एक्स्चेंजला दिला असता आणि पुढे कुठेतरी तो फोडून वितळवला गेला असता तर सरकारी हिशोबात त्याची नोंद झाली असती, १९० ग्रॅम ई-कचऱ्याचं रिसायकलिंग म्हणून. जिन्याखाली बसून ज्याने त्या फोनचं आयुष्य अजून दोनतीन वर्षं वाढवलं त्याची नोंद कुठेच नाही. सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे चक्राकार अर्थव्यवस्था, यावर आपल्याकडे आता खूप बोललं जातं, परिषदा होतात, पण फोनच्या बाबतीत ते चक्र नेमकं तुटतं कुठे हे बघायचं असेल तर रिसायकलिंगच्या कारखान्यात नाही, या काउंटरवर जाऊन बघायला पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

कायदा नाही असं नाहीये. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये आले, मग २०१६ चे, आणि आता १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत. त्यात उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आहे, म्हणजे तू माल विकलास तर तो कचरा झाल्यावर त्याची विल्हेवाट पण तूच बघ, आणि त्याची टक्केवारी ठरवून दिलीय, पहिली दोन वर्षं ६० टक्के, पुढची दोन ७० आणि २०२७-२८ पासून ८०. कंपनी स्वतः गोळा करत बसत नाही, ती नोंदणीकृत रिसायकलरकडून तेवढा कचरा रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट विकत घेते. कागदावर हे चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण सगळं मोजमाप वजनात आहे. आणि वजनात मोजायला लागलात की फोन दिसेनासाच होतो. एक फ्रिज म्हणजे पन्नास किलो धरा, तेवढं वजन भरायला अडीचशेच्या वर फोन लागतील, आणि ते अडीचशे फोन अडीचशे घरांच्या कपाटात, उशीखाली, गोधड्यांच्या मधे ठेवलेले. कुठला रिसायकलर त्यांच्या मागे फिरेल? रिसायकलरला किलोमागे किमान किती पैसे मिळावेत हे सरकारने ठरवलं तेव्हा ते साधारण २० ते ३५ रुपयांच्या दरम्यान होतं, आणि तेवढ्यावरसुद्धा काही मोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. त्या हिशोबाने आईच्या फोनचे दहा रुपये पण होत नाहीत. दहा रुपयांसाठी दारात कोण येणार.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटचीच. ते मिळतं चारच धातूंवर, सोनं, तांबं, लोखंड आणि अॅल्युमिनियम. आता फोनमध्ये काय काय असतं ते बघा. बॅटरीत लिथियम, बहुतेक वेळा कोबाल्ट, स्क्रीनवर इंडियम, स्पीकरच्या आणि व्हायब्रेशनच्या चुंबकात निओडिमियम, बोर्डवरच्या बारक्या कपॅसिटरमध्ये टँटलम. यातले कोबाल्ट, लिथियम, इंडियम, टँटलम आणि निओडिमियमसारखे दुर्मीळ मृदा धातू हे सगळे खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये काढलेल्या ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहेत. २०२५ मध्ये केंद्राने अशा खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना पण मंजूर केली. म्हणजे एक मंत्रालय म्हणतंय की हे धातू आपल्याला बाहेरून आणावे लागतात, ते मिळवा, आणि दुसऱ्या मंत्रालयाच्या सर्टिफिकेटमध्ये त्या धातूंना जागाच नाही. त्यात बॅटरी वेगळ्या नियमांखाली येते, बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम निराळे आणि त्यांची नोंदणी निराळी. आणि आजकालच्या फोनमध्ये तर ती बॅटरी आत गमने चिकटवलेली असते.

आता कुणी म्हणेल की सोनं तर आहे ना फोनमध्ये, मग लोक आपोआप गोळा करतील. आहे, एका फोनमध्ये साधारण ०.०३ ग्रॅम. एक टन फोनमधून दीडशे ते तीनशे ग्रॅम सोनं निघतं, खाणीतल्या एक टन दगडातून काही ग्रॅम, म्हणून शहरी खाण वगैरे शब्द वापरतात. पण ते एक टन फोन आधी एका जागी यायला पाहिजेत, तिथेच तर सगळं अडतंय. जपानने टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंमधून बनवली, दोन वर्षं अख्खा देश गोळा करत होता, ७९ हजार टनांच्या आसपास माल आला, त्यात ६२ लाख फोन, आणि सगळ्यातून मिळून सोनं निघालं ३२ किलो. पदकांसाठी ते फार सुंदर काम होतं, मला मनापासून आवडलं होतं. पण फोन वितळवून त्याची किंमत परत मिळते या समजुतीत कुणी राहू नये. फोनची किंमत त्यातल्या धातूत नसते, तो फोन म्हणून चालतो यात असते. कार्बनचं पण तेच. एका स्मार्टफोनच्या अख्ख्या आयुष्यात जेवढा कार्बन बाहेर पडतो त्यातला साधारण ८० टक्के तो फोन बनवतानाच पडलेला असतो, आपण खोकं उघडायच्या आधी. कितीही चांगलं रिसायकलिंग केलं तरी तो ८० टक्के परत येत नाही. तो वसूल करायचा एकच मार्ग, फोन जास्त वर्षं वापरणे.

आणि चांगलं रिसायकलिंग तरी किती होतं. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद ठेवून नीट गोळा केलेला आणि रिसायकल केलेला फक्त २२.३ टक्के, हा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा. आपल्याकडे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादमध्ये बोर्ड भाजून, तेजाबात बुडवून सोनं काढतात हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत आहे. त्यात सोनं-तांबं निघतं, बाकीचे धातू गटारात जातात, आणि धूर जातो तिथल्या बायकापोरांच्या छातीत. एका बोर्डमधून डझनभर धातू नीट वेगळे काढणारे कारखाने जगात मोजकेच, बेल्जियममधल्या होबोकनचा उमिकोरचा कारखाना १७ धातू काढतो. असे कारखाने आपल्याकडे व्हायला पाहिजेत, जरूर व्हावेत. पण ती चक्राची शेवटची पायरी, आणि आपण सगळा जोर तिथेच लावलाय.

मी त्या एमजी रोडच्या दादाला विचारलं की तुझ्या कामात सगळ्यात जास्त अडतं कुठे. मला वाटलं गिऱ्हाईक, भाडं, असं काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, पार्ट. कंपनीचा ओरिजिनल पार्ट त्याला कुणी विकतच नाही, तो फक्त अधिकृत सेंटरला जातो. मग त्याच्याकडे येतं काय तर कॉपी, त्यात पण फर्स्ट कॉपी, सेकंड कॉपी, आणि नाहीतर मेलेल्या फोनमधून काढलेला पार्ट. त्याच्या पाठीमागे एक प्लॅस्टिकचा क्रेट होता, मेलेले फोन भरलेला, एकेकाचं आतलं काढून काढून नुसते सांगाडे राहिलेले. तो म्हणाला, कॉपीची बॅटरी टाकली आणि सहा महिन्यांत फुगली तर गिऱ्हाईक मला शिव्या देणार, कंपनीला नाही. बरोबरच आहे त्याचं. बाहेरचे दुरुस्तीवाले वाईट माल टाकतात हा आरोप सगळ्या कंपन्या करतात, आणि त्यात तथ्यही आहे, खराब बॅटरी खरंच पेट घेऊ शकते. पण चांगला माल त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही आणि मग तू खराब माल वापरतोस म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

त्यात भर म्हणून आता पार्टला पण ओळखपत्र आलंय. काही महागड्या फोनमध्ये स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा हे त्या एका बोर्डशी सॉफ्टवेअरने बांधलेले असतात. दोन एकसारखे ओरिजिनल फोन घ्या, याची बॅटरी त्याला लावा, तरी स्क्रीनवर अनोळखी पार्ट म्हणून मेसेज येतो, कधी कधी एखादं फीचर बंदच होतं. म्हणजे मेलेल्या फोनचा चांगला अवयव जिवंत फोनला द्यायचा जो सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वस्त मार्ग, तोच बंद. यामागे कंपन्या चोरीचं कारण देतात, की चोरीचे फोन फोडून पार्ट विकले जातात ते थांबावं. आणि फिंगरप्रिंटसारख्या पार्टच्या बाबतीत सुरक्षेचं कारण मला पटतं सुद्धा. पण मग मालकाने स्वतः परवानगी दिली की पार्ट चालायला पाहिजे, एवढी सोय करता येतेच, अॅपलने २०२४ पासून वापरलेले ओरिजिनल पार्ट जुळवून घ्यायची सोय काही प्रमाणात दिली म्हणजे ते तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला की असं पार्ट बांधून ठेवणं चालणार नाही.

पाण्यापासून बचावासाठी गम लागतो हे पण नेहमीचं उत्तर आहे. असेल. पण मग आई वापरते तसल्या अकरा हजारांच्या फोनला, ज्याच्या खोक्यावर पाण्याची कसलीच हमी नाही, त्याला पण तोच गम आणि तीच न निघणारी बॅटरी कशासाठी? दहाबारा वर्षांपूर्वी फोनची पाठ नखाने निघायची, बॅटरी गिऱ्हाईक स्वतः बदलायचं, दुकानात बॅटऱ्या टांगलेल्या असायच्या. युरोपमध्ये १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे असा नियम येतोय. आणि २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला महत्त्वाचे स्पेअर पार्ट ७ वर्षं मिळाले पाहिजेत, ते मागितल्यापासून ५ ते १० कामाच्या दिवसांत, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट ५ वर्षं, आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावर निदान ८० टक्के शिल्लक. फोन बनवणाऱ्या कंपन्या तिकडच्या आणि इकडच्या वेगळ्या नाहीत, त्याच आहेत. तिकडे जमतं ते इकडे का जमू नये.

आपण निदान सुरुवात केली हे मान्य करायला पाहिजे. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि दुरुस्ती किती सोपी याचा निर्देशांक वस्तूवर छापण्याबद्दल जी समिती नेमली होती तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुणांचा आकडा दुकानात किमतीशेजारीच लावणं जानेवारी २०२१ मध्येच सक्तीचं झालं. आपल्याकडे मी फोनच्या दुकानात गेलो की मला रॅम, मेगापिक्सेल, ईएमआय सगळं सांगतात, हा उघडेल का आणि याचा पार्ट किती वर्षं मिळेल हे कुणीच सांगत नाही. आणि मी पण कधी विचारलं नव्हतं, आईच्या फोनपर्यंत.

मग सॉफ्टवेअर. फोन धडधाकट असतो, पण अँड्रॉइड जुनं झालं म्हणून एक दिवस बँकेचं अॅप सांगतं की या डिव्हाइसवर चालणार नाही. व्हॉट्सअॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४ वाले फोन सोडले. शहरातल्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण गावाकडे तिसऱ्या हातात आलेला फोन वापरणारा माणूस असतो, आधी मुलाने वापरलेला, मग सुनेने, मग त्याच्याकडे आलेला. त्याची पेन्शन, त्याचा रेशनचा ओटीपी, नातवाचा व्हिडिओ कॉल सगळं त्यावर. स्वस्त फोनला अपडेट दोन वर्षं, महागड्याला सात वर्षं, हे जे चाललंय त्यात गरिबाचा फोन आधी मरतो आणि कचऱ्याचा डोंगर पण त्याच्याच फोनचा होतो, कारण संख्या त्याच फोनची जास्त.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण सगळं कंपनीवर आणि सरकारवर ढकलून चालणार नाही. मोबाइल उत्पादकांच्या संघटनेने २०२३ मध्ये एक अहवाल काढला होता, त्यात भारतात घराघरांत वीस कोटींच्या वर फोन, लॅपटॉप वगैरे न वापरता पडून आहेत असा अंदाज होता. आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पाच निघाले. दोन बटणांचे, एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं, एक माझा जुना जो चालतो पण हळू, आणि एक आईचाच आधीचा, जो २०१९ मध्ये घेतला आणि एक दिवस बंद पडला तो पडलाच. हा शेवटचा आम्ही कुणाला दिला नाही त्याचं कारण साधं आहे. त्यात भाचीच्या बारशाचे फोटो आहेत आणि आजीचा एक व्हिडिओ आहे, त्यात ती पाळणा म्हणतेय. बॅकअप घेतला नव्हता. आजी आता नाही. तो फोन सुरू होत नाही म्हणून फोटो काढता येत नाहीत, सुरू होत नाही म्हणून रिसेट पण मारता येत नाही, आणि रिसेट न मारता तो कुणाच्या हातात द्यायची हिंमत होत नाही. मला वाटतं देशातल्या निम्म्या ड्रॉवरमध्ये असाच एखादा फोन असेल. ई-कचरा द्या, देशसेवा करा अशा बोर्डाने तो ड्रॉवर उघडणार नाही. माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, आतलं माझं मला काढून द्या आणि मग माझ्या डोळ्यांसमोर ते पुसा. कलेक्शनच्या किती पेट्यांवर ही सोय असते? मी बघितलेल्या पेटीला एक फट होती, टपालपेटीसारखी, आणि फोन आत टाकला की पुढे काय होतं ते सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

मामाच्या गावाला, सिन्नर तालुक्यात, मोटरसायकलवर भोंगा लावून माणूस येतो, जुने मोबाइल, बंद मोबाइल, फुटके मोबाइल द्या, टोपली घ्या, टब घ्या. मामीने दोन फोन देऊन एक निळा टब घेतला, कपडे भिजवायला. आपल्याकडे बोहारणीची पद्धत पिढ्यान् पिढ्या आहे, जुन्या साडीवर भांडं, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर गोळा करायची हीच सगळ्यात चांगली पद्धत आहे, दारात येतो, हातात काहीतरी देतो, लगेच व्यवहार संपतो. पण २०२४ मध्ये तेलंगणात पोलिसांनी असे गावोगाव फिरून जमवलेले हजारो फोन पकडले आणि ते बोर्ड सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे जाणार होते असं सांगितलं. मामीला हे माहीत असण्याचं काही कारण नाही. टोपलीवाल्याला हाकलून लावणं हे यावर उत्तर नाही. त्याला ओळखपत्र द्या, त्याने फोन कुणाला विकायचा ते ठरवून द्या. पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघर जातेय, महापालिकेबरोबर काम करतेय. लोक त्या मावशींना नावाने ओळखतात. असं माणसांचं जाळं असताना आपण फट असलेल्या पेट्या बसवतोय.

सेकंडहँड घ्यायचं म्हटलं तरी पहिला प्रश्न हाच, चोरीचा तर नसेल? हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि बऱ्यापैकी सुटलाय पण. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढायचा आणि केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर १४४२२ ला मेसेज करायचा, फोन ब्लॅकलिस्ट आहे का ते कळतं, संचार साथी या सरकारी पोर्टलवर पण बघता येतं. हे किती जणांना माहीत आहे? एमजी रोडला जुने फोन विकणाऱ्या प्रत्येक दुकानात हे ठळक लिहून लावलं तर विकणारा आणि घेणारा दोघांनाही बरं.

पैशाचं गणित पण उलटं बसलंय. नवीन फोनवर जीएसटी १८ टक्के आणि सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या बिलावर पण १८. नवीन फोनला बिनव्याजी ईएमआय, दुरुस्तीला रोख. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये एक योजना काढली, इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करून घ्या, अर्धं बिल सरकार देईल, २०० युरोपर्यंत. आपल्याला एवढं झेपणार नाही कदाचित. पण दुरुस्तीवरचा कर कमी करणं झेपतं. अनामत पण झेपते. आठवत असेल तर २०१७ मध्ये जिओचा बटणांचा फोन आला तो १,५०० रुपये अनामतीवर होता, तीन वर्षांनी फोन परत करा आणि पैसे घेऊन जा. म्हणजे फोन परत आणण्यासाठी अनामत ठेवणं आपल्या लोकांना समजत नाही असं कुणी म्हणू शकत नाही, काचेच्या बाटलीवर तर आपण लहानपणापासून ठेवत आलोय. २०१६ च्या ई-कचरा नियमांत पण अनामत परतीचा उल्लेख होता. मी त्यानंतर तीन फोन घेतले, एकदाही कुणी मला अनामतीबद्दल सांगितलं नाही.

तर मला जे वाटतं ते असं, की कंपनीचं उत्तरदायित्व किलोत मोजणं पुरेसं नाही, वर्षांत पण मोजा. तुमचे विकलेले फोन सरासरी किती वर्षं चालू राहिले? हे मोजणं अशक्य नाही, प्रत्येक फोनला आयएमईआय आहे आणि तो नेटवर्कवर कधी आला आणि कधी गायब झाला हे मोबाइल कंपन्यांना कळतं, कुणाचंही नाव न घेता फक्त मॉडेलप्रमाणे सरासरी काढता येईल. ज्याचे फोन सहा वर्षं चालतात त्याची जबाबदारी कमी करा, ज्याचे दोन वर्षांत मरतात त्याची वाढवा. आताच्या नियमांत नूतनीकरण करणाऱ्याला सवलत आहे, पण ती ई-कचऱ्याच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेल्या रिफर्बिशरला, आणि तिथे पोचतात मोठ्या कंपन्या. जिन्याखालचा दादा तिथे कसा पोचणार, त्याच्याकडे स्कॅनर नाही, सीए नाही, दुपारी जेवायला शटर ओढायला पण वेळ नाही. आयटीआयमधून मोबाइल दुरुस्ती शिकवतो ना आपण? मग त्या पोरांना ओरिजिनल पार्ट विकत घ्यायचा हक्क द्या, सर्किटचा नकाशा बघायचा हक्क द्या, आणि जिल्ह्याच्या पातळीवर एका साध्या नोंदणीत त्यांनी वाचवलेला फोन मोजा. सरकारी आकड्यांप्रमाणे आपण आता वर्षाला तीस कोटींच्या वर फोन बनवतो आणि याचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. जो देश एवढे फोन बनवू शकतो तो त्यांचे सुटे भाग दहा वर्षं पुरवू शकत नाही हे मी मानायला तयार नाही.

मागच्या शनिवारी मी ड्रॉवरमधला आईचा तो २०१९ चा फोन घेऊन परत एमजी रोडला गेलो. दादाने बोर्ड काढला, पॉवर सप्लायला जोडला, बोटाने चाचपून कुठे गरम होतंय ते शोधलं, पॉवर सेक्शनमधला तांदळाच्या कणीपेक्षा बारीक एक कपॅसिटर शॉर्ट झाला होता, तो उचलला. फोन सुरू झाला. तो म्हणाला हा फार टिकणार नाही, बोर्ड खालून गंजलाय, आधी डेटा घ्या. एक तास दहा मिनिटं लागली, मी तिथेच स्टुलावर बसून होतो. आजीचा व्हिडिओ निघाला, एकतीस सेकंदांचा, पाळण्याच्या दोन ओळी आणि मग कुणीतरी मधे येतं. तो मी आईला तिथूनच पाठवला. मग त्याने माझ्यासमोर फोन पुसला आणि विचारलं, याचा फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, काढून घेऊ का, या मॉडेलचा डिस्प्ले आता बाजारात मिळत नाही, आणि काउंटरखालून त्याने तोच मॉडेल काढला, काच पूर्ण फुटलेला, शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमन काकांचा, आठ दिवस तसाच पडून होता. मी हो म्हणालो. आमच्या फोनचा डिस्प्ले संध्याकाळपर्यंत त्यांच्या फोनला बसला.